कापूस जिन-प्रेस उद्योगातील अपघाती मृत्यू

कापूस जिन-प्रेस उद्योगातील अपघाती मृत्यू : कापसापासून सरकी वेगळी काढणाऱ्या जिन कारखान्यांत आणि रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेस कारखान्यांत काम करीत असताना, अथवा त्या कामातूनच उद्‌भवलेल्या कारणांनी, कामगारांना आलेले मरण. कामावरील मृत्यूंचा विचार सामान्यतः खाणी, रेल्वे, गोद्या व मोठ्या गिरण्या यांच्या संदर्भात केला जातो. जिन-प्रेस हा मात्र वर्षातून काही महिनेच चालणारा, खेड्यांच्या व लहान गावांच्या आश्रयाने वाढलेला आणि मुख्यतः स्त्रिया व हंगामी मजूर यांच्या श्रमावर उभा राहिलेला उद्योग आहे. त्यामुळे त्यातील अपघातांची कारणे, त्यांविषयीचे कायदे आणि मृताच्या वारसांना मिळणारी भरपाई या तिन्ही बाबतींत त्याचा इतिहास इतर उद्योगांहून वेगळा ठरतो. महाराष्ट्रात या उद्योगाची वाढ खानदेश व वऱ्हाड या दोन प्रदेशांत विशेष झाली. प्रस्तुत नोंदीत खानदेशाच्या, आणि त्यातही बोदवडसारख्या कापसाच्या पेठांच्या, अनुषंगाने या विषयाचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यंत्रे येण्यापूर्वी सरकी काढण्याचे काम हाताने फिरवावयाच्या रेच्यावर घरोघरी होत असे. या कामात कष्ट फार असले, तरी जिवाला धोका नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व हिंदी कापसाची मागणी एकाएकी वाढली. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळपर्यंत आला आणि १८६७ मध्ये तो नागपूरला पोहोचला. भुसावळ–नागपूर मार्गालगतचे बोदवड हे पूर्वीच्या भुसावळ तालुक्यातील गाव काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, वऱ्हाडच्या सीमेनजीक वसलेले असल्यामुळे कापूस व गळिताची धान्ये यांची पेठ म्हणून पुढे आले. जळगाव, धरणगाव, अमळनेर, चोपडे इ. ठिकाणीही असेच घडले. कापूस दूरवर पाठवावयाचा तर त्याची सरकी काढून घट्ट गाठी बांधणे किफायतशीर पडे. म्हणून वाफेच्या एंजिनांवर चालणारे जिन व प्रेस रेल्वेमार्गाच्या कडेने उभे राहिले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, तेव्हा दोन्ही भागांत हा धंदा चांगलाच रुजलेला होता.

या व्यवसायात सरकारचे लक्ष प्रथम गेले ते मालाकडे. कापसात भेसळ करून इंग्लंडच्या बाजारात तो पाठविला जातो, अशा तक्रारी आल्यावरून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील लबाडीस आळा घालणारा कायदा केला व त्यासाठी निरीक्षक नेमले. कारखान्यातील मजुरांच्या संरक्षणार्थ पहिला कायदा होण्यास त्यानंतर अठरा वर्षे लागली. पुढे १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालण्याची सक्ती केली. गाठ कोणत्या कारखान्यात बांधली हे त्यावरून शोधता येऊ लागले. परंतु हंगामापुरत्या मुकादमामार्फत आलेल्या मजुराचे नाव हजेरीपटावर असेलच, अशी खात्री त्यानंतरही बराच काळ देता येत नव्हती.

यंत्रांमुळे होणारे मृत्यू : खानदेशातील जिनांत चामड्याचे रूळ असलेले यंत्र प्रचलित होते. फिरणाऱ्या रुळाला तंतू चिकटून पुढे जातात आणि त्याला टेकलेल्या स्थिर पात्यापाशी सरकी अडते. दुसरे पाते हलत राहून ती खाली पाडते. या यंत्रापुढे उभे राहून हाताने कापूस घालण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. बोटे पात्यात सापडण्याचे प्रकार येथे घडत. त्यांतून अपंगत्व येई. जखम चिघळून किंवा धनुर्वात होऊन मृत्यू ओढवण्याचा धोकाही असे. डॉक्टर व रुग्णालय दूर असलेल्या गावी हा धोका अधिकच वाढे.

जीवघेण्या अपघातांचे खरे स्थान मात्र यंत्रांच्या रांगेखाली होते. एका एंजिनाची शक्ती सर्व जिनांना पुरविण्यासाठी त्यांच्या खालून एक लांब दंड, म्हणजे लाइन शाफ्ट, नेलेला असे व त्यावरील पुल्यांवरून प्रत्येक यंत्राकडे पट्टे गेलेले असत. जिनांमधून पडणारी सरकीही याच अरुंद बोळात साठे. ती काढणे, दंडाला तेल घालणे, घसरलेला पट्टा पुन्हा चढविणे ही कामे करण्यासाठी मजुराला फिरत्या दंडाजवळ वाकून जावे लागे. धोतराचा सोगा, उपरणे किंवा लुगड्याचा पदर दंडात गुंतला, की माणूस क्षणार्धात ओढला जाई. एंजिन वेगळ्या खोलीत असल्यामुळे ते बंद करण्याचा इशारा पोहोचेपर्यंत उशीर होई. काम थांबवून सरकी काढावी, तर सर्व जिन एकदम बंद पडत आणि माल अडे. म्हणून चालू यंत्राखालीच सफाई करण्याची प्रथा पडली. अपघाताचे खापर मजुराच्या बेसावधपणावर फोडले जात असले, तरी त्याचे मूळ यंत्ररचनेत व कामाच्या या पद्धतीत होते.

पुढील काळातील नियमांनी या कारणाची दखल घेतली. जमिनीच्या पातळीखालील लाइन शाफ्टभोवती सलग भिंत किंवा चढून जाता येणार नाही असे कुंपण असावे, सरकी काढण्यासाठी व तेल घालण्यासाठी लागतील तेवढीच दारे ठेवावीत आणि ती बंद करून कुलुपात ठेवावीत, असे कारखाने नियमांच्या जिनविषयक परिशिष्टात नमूद करण्यात आले. १९४८ च्या कारखाने कायद्याने चालू यंत्राची तपासणी व वंगण ही कामे केवळ प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, तीही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावीत, असे ठरविले. हे कपडे पुरविण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकण्यात आली.

प्रेस कारखान्यातील धोके निराळे आहेत. जुन्या प्रेसमध्ये रुई पेटीत टाकून ती पायांनी तुडवावी लागे. वरच्या मजल्यावरून पेटीत पडणे किंवा दाबाच्या तबकाखाली सापडणे यांमुळे मृत्यू ओढवे. गाठ बांधण्यापूर्वी रुई मोकळी करणाऱ्या ओपनर नावाच्या यंत्रात खिळे बसविलेले नळकांडे वेगाने फिरते. त्यात सापडलेला माणूस वाचण्याची शक्यता फार कमी असते. कापूस दाबण्याच्या कारखान्यात जेथे ओपनर चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास लावू नये, असे १९४८ च्या कायद्याच्या २७ व्या कलमात म्हटले होते. छतापर्यंत पडदी घालून यंत्राची माल घालण्याची बाजू वेगळी केली असल्यास त्या बाजूस मात्र काम करण्याची मुभा होती. एवढ्या विशिष्ट यंत्रासाठी स्वतंत्र कलम असणे, हे त्यामागील अनुभवाचेच द्योतक होय.

आग, ढिगारे व धूळ : कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात आपटून उडालेली ठिणगी, घर्षणाने तापलेले धारवे, विजेच्या तारांतील दोष किंवा बिडीचे थोटूक यांपैकी काहीही आग लागण्यास पुरेसे असते. हवेत तरंगणाऱ्या व तुळयांवर साचलेल्या तंतूंवरून ज्वाळा छपराखाली भराभर पसरतात. अशा वेळी दारे आतल्या बाजूस उघडणारी अथवा बाहेरून बंद केलेली असली, तर आतील माणसे कोंडली जातात. म्हणून बाहेर पडण्याची दारे काम चालू असता कुलूपबंद नसावीत व ती बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत, हा नियम या धंद्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. गाठ बांधल्यावरही धोका संपत नाही. दाबलेल्या गाठीच्या पोटात आग दीर्घकाळ धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील आगीची सुरुवात कापसाच्या गाठींपासूनच झाली होती. त्याच जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके असल्यामुळे जे स्फोट झाले, त्यांत शेकडो लोक मरण पावले. अग्निशामक दलाच्याच ६६ जणांचा त्यांत अंत झाला. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

कापसाच्या उंच ढिगाऱ्याचा पायथा कोरून माल काढीत गेल्यास वरचा भाग कोसळतो व त्याखाली गुदमरून मृत्यू येतो. आईबरोबर आलेली लहान मुले ढिगाऱ्याच्या आडोशाला झोपविण्याच्या रिवाजामुळे हा धोका त्यांनाही पोहोचे. पाळणाघराची सक्ती ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांपुरतीच असल्याने लहान जिन तिच्या कक्षेबाहेर राहिले.

धुळीने येणारे मरण सावकाश येते, म्हणून त्याची नोंद अपघात अशी होत नाही. कापसाच्या धुळीमुळे छाती आवळल्यासारखी होणे, खोकला व दम लागणे ही लक्षणे असलेला बिसिनोसिस हा रोग कायद्याने सूचनीय व भरपाईपात्र व्यावसायिक रोगांच्या यादीत घातला आहे. परंतु चार-सहा महिने जिनात आणि उरलेले महिने शेतात काम करणाऱ्या मजुराचा रोग नेमका कोणत्या मालकाच्या कामातून उद्‌भवला, हे सिद्ध करणे अवघड जाते. जिनांचे रूळ क्रोमने कमावलेल्या चामड्याचे असल्यास त्यांच्या झिजेतून क्रोमियमयुक्त कण धुळीत मिसळतात. यावर उपाय म्हणून मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने चामडेविरहित रूळ विकसित केले.

कामाचे तास : अतिश्रम हे या उद्योगातील मृत्यूंचे दुसरे मोठे कारण होय. मुंबई सरकारने नेमलेल्या १८८४–८५ च्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, ती या बाबतीत महत्त्वाची आहे. मार्च-एप्रिलच्या भर हंगामात जिन व प्रेस कधीकधी रात्रंदिवस चालत. मजुरांना सायंकाळी केवळ अर्ध्या तासाची विश्रांती मिळे. तीच माणसे सुमारे आठ दिवस सतत राबत व ती थकून गेल्यावर शक्य असेल तेव्हा दुसरी आणली जात. एरवीचा दिवसही पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचा असे. इतके तास काम करणारी माणसे पुष्कळदा दगावतात, असेही साक्षीदाराने सांगितले. यंत्रात सापडून आलेला मृत्यू निदान दृष्टीस पडतो. हंगाम संपवून गावी परतलेल्या व ज्वराने किंवा अशक्तपणाने मेलेल्या बाईचे मरण मात्र कोणत्याही कारखान्याच्या नावावर चढत नसे. १९०७–०८ च्या कारखाना कामगार आयोगालाही हंगामी जिनांत सतरा-अठरा तासांचे काम चालत असल्याचे आढळले.

कायद्यांचा विकास : १८८१ च्या पहिल्या हिंदी कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची वर्दी देणे बंधनकारक केले. पण शंभर किंवा अधिक माणसे एका वेळी काम करीत असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. खानदेशातील अनेक जिन या दोन अटींपैकी एकीमुळे तरी सुटत. तेथे माणूस मेला, तर या कायद्याखाली कोणाला कळविण्याचेही कारण नसे. त्यामुळे त्या काळातील सरकारी अहवालांतील अपघातांचे आकडे प्रामुख्याने मोठ्या गिरण्यांचे आहेत. त्यांवरून जिन सुरक्षित होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा झाल्या व सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करण्यात आला. कामावर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, ही त्यातील एक मागणी होती. १८९१ च्या कायद्याने कामगारसंख्येची अट पन्नासवर आणली आणि स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. हंगामी कारखाने स्पष्टपणे कायद्याखाली आले, ते १९११ मध्ये. त्या कायद्याने स्त्रियांना रात्री कामास लावण्यास बंदी केली, परंतु कापूस जिन-प्रेस कारखान्यांना तीतून सवलत दिली. १९२२ मध्ये यंत्रशक्ती वापरणारा वीस माणसांचा कारखानाही कायद्याच्या कक्षेत आला. १९३४ च्या कायद्याने बारमाही व हंगामी असा भेद करून हंगामी कारखान्यांसाठी आठवड्याला चौपन्नऐवजी साठ तासांची मर्यादा ठेवली. १९४८ च्या कायद्याने हा भेद मोडून सर्वांसाठी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरविला व चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात काम देण्यास मनाई केली. [⟶ कारखाने कायदे].

नुकसानभरपाई : १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यान्वये मृताच्या वारसांना दिवाणी दावा लावता येत असे, परंतु मालकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच असे व खेड्यातील विधवेला ते जवळजवळ अशक्य होते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला आणि कामामुळे व काम चालू असता झालेल्या मृत्यूबद्दल, मालकाचा दोष असो वा नसो, भरपाई देय ठरली. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम, आणि अल्पवयीनाच्या मृत्यूबद्दल २०० रुपये, असे मूळचे प्रमाण होते. कंत्राटदाराच्या माणसांबद्दल मूळ मालकासही जबाबदार धरणारी या कायद्यातील तरतूद मुकादमी पद्धतीच्या जिनांसाठी मोलाची होती. मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी मृत व्यक्ती त्या दिवशी तेथे कामावर होती, हे प्रथम दाखवावे लागे.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस जिनिंग व प्रेसिंग यांचा नावानिशी उल्लेख झाला. परिणामी गिरणी कामगाराच्या वारसांना विमा योजनेतून नियमित निवृत्तिवेतन मिळू शकले, तर जिन कामगाराच्या वारसांना आयुक्तांपुढे दावा करून एकरकमी भरपाई मागावी लागली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राज्य विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाने बाहेरच आहेत.

इतर उद्योगांशी तुलना : निरनिराळ्या उद्योगांतील मृत्यूंची तात्कालिक कारणे वेगळी असली, तरी त्यांमागील परिस्थितीत साम्य आढळते. भोरघाटातील रेल्वेमार्गाच्या कामावर जानेवारी १८६१ मध्ये ४२,००० हून अधिक मजूर होते. तेथे सुरुंग व दरडी यांच्या जोडीला पटकीने मोठी जीवितहानी केली. म्हणजे राहण्याची व पाण्याची व्यवस्था हाच कामावरील मृत्यूंचा एक प्रमुख हेतू ठरला. धनबादजवळील चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून ३७५ कामगार मरण पावले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात किमान बारा जणांचा बळी गेला. कारखान्याच्या आवारात राहणाऱ्या कुटुंबांतील मुलांचाही त्यांत समावेश होता.

खानदेशात कामावर मरणाऱ्यांत शेतमजुरांचाही वाटा आहे. विहिरीचे खोदकाम, विजेचे पंप, मळणीयंत्रे, सर्पदंश व कीटकनाशके ही त्यांच्या मृत्यूची नेहमीची कारणे होत. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळे केंद्र सरकारने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे विनियमन कायदा केला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. १४ व १५ फेब्रुवारी २०२१ यांदरम्यानच्या रात्री जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटून त्यावर बसलेले किमान पंधरा मजूर ठार झाले. यंत्रशक्तीवर न चालणाऱ्या शेतीकामातील मजूर १९२३ च्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता. शेतकऱ्यांसाठी असलेली राज्याची अपघात अनुदान योजना जमिनीचा खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यापुरती असल्याने भूमिहीनाला तिचा आधार मिळत नाही. जिनात हंगाम करणारी व पावसाळ्यात निंदणीला जाणारी बाई एकच असली, तरी तिच्या मृत्यूची किंमत ती त्या दिवशी कोठे होती यावर अवलंबून राहते.

आधुनिकीकरण व नवी संहिता : फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाखाली अनेक जिन-प्रेसचे नूतनीकरण झाले. हवेच्या दाबाने कापूस वाहून नेणे, यंत्रांत तो आपोआप घालणे व प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसविणे यांमुळे सामाईक दंड व हाताने कापूस घालण्याचे काम मागे पडत गेले. त्याबरोबर पदर-सोगा गुंतण्याचे जुने अपघात कमी होणे स्वाभाविक होते. त्यांच्या जागी सरकी वाहणारे मळसूत्री वाहक, उच्चदाबाची वीज, आवारात मागे येणारी मालवाहू वाहने व ढीग रचणारी यंत्रे यांचे धोके आले आहेत. मजूरही आता पुष्कळदा परप्रांतांतून कंत्राटाने येतात व आवारातच राहतात.

१९४८ च्या कारखाने कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी मूळ केंद्रीय कायद्यातील दहा कामगारांची मर्यादा तीत वीस केली आहे, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास कामगारांपासून पुढे लागू होतात. दुसऱ्या बाजूने सामाजिक सुरक्षा संहितेने घर व कामाचे ठिकाण यांदरम्यानच्या प्रवासातील अपघात, त्याचा कामाशी संबंध असल्यास, भरपाईस पात्र ठरविला आहे.

मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार माणसे कामाशी निगडित कारणांनी मरतात. त्यांपैकी अपघाताने मरणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाख ३० हजार असून उर्वरित सर्व व्यावसायिक रोगांना बळी पडतात. जिन-प्रेस उद्योगाच्या इतिहासातही दृश्य अपघातांमागे अतिश्रमाचे व धुळीचे अदृश्य मृत्यू आहेत. या उद्योगात सुधारणा झाल्या त्या बहुतांशी तीन मार्गांनी : यंत्राची रचना बदलल्याने, कामाचे तास मर्यादित झाल्याने आणि भरपाईचे उत्तरदायित्व मालकावर निश्चित झाल्याने. सावधगिरीच्या केवळ उपदेशाने त्या झाल्याचे दिसत नाही. कामगारसंख्या व कामाचा काळ यांवर बेतलेल्या कायद्याच्या मर्यादा प्रत्येक टप्प्यावर याच उद्योगाच्या आड आल्या. म्हणून लहान व हंगामी कारखान्यांतील प्रत्येक मृत्यूची सक्तीची नोंद, मजुरांचा खरा हजेरीपट आणि हंगामी कामगारांना विम्याचे संरक्षण या तीन गोष्टी अद्यापि आवश्यक ठरतात. [⟶ कामगार कल्याण].